जीर्णोद्धार एका मोटारगाडीचा

'जुने ते सोने' ही म्हण आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. सोन्याच्या बाबतीत ती खरी आहे, कारण सोने गंजत नाही. पेटीत कुलूपबंद करून ठेवले तरी पन्नास वर्षांनी ते जसेच्या तसे बाहेर निघते. लोखंडाचे तसे नाही. जुने लोखंड जपायचे तर त्याच्याशी नित्याचा संबंध ठेवावा लागतो. हे मला आमच्या वडिलांच्या ॲम्बॅसडरने शिकविले, आणि तेही फार उशिरा.

निवृत्तीनंतर वडिलांना गाडीची गरज उरली नव्हती. पण ती विकायला त्यांचे मन होईना. २००९ साली त्यांनी ती वाड्याच्या मागच्या अंगणात उभी केली, वरून जाड ताडपत्री घातली, चारी बाजूंनी दोरीने घट्ट आवळली आणि "आता हिला ऊन-पाऊस लागायचा नाही" असे म्हणून ते निश्चिंत झाले. सात वर्षांनी ताडपत्री काढली तेव्हा आतल्या दमटपणाने तळाचा पत्रा खाल्लेला होता, ब्रेक जाम झाले होते, टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झाला होता आणि वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. पाहायला आलेले मिस्त्री जुने, वडिलांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "साहेब, ही झाकली म्हणून मेली. महिन्यातून चारदा फिरवली असती तर आजही तुम्हांला घेऊन गेली असती." गाडी वजनावर भंगारात गेली.

पुढे काही वर्षांनी मुंबईत फोर्ट भागातल्या पदपथावर जुनी पुस्तके चाळताना 'एमजीबी' नावाच्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीचे दुरुस्तीचे मॅन्युअल हाती लागले. सहज पाने उलटली आणि इंजिनाच्या चित्रापाशी थबकलो. हे इंजिन मी पाहिलेले होते, आमच्याच अंगणात! त्या पुस्तकाच्या निमित्ताने या विषयाचे जे वाचन घडले, त्यातून अशी गाडी माणसे घरच्या घरी कशी उभी करतात आणि कशी चालती ठेवतात, ते या लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे.

ॲम्बॅसडरची चुलत बहीण

माझी ओळख खोटी नव्हती. आपली ॲम्बॅसडर ही मूळची इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्यात पुढे बसविले गेलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील होते. त्याच मालिकेतील इंजिन वाढवून १७९८ घनसेंटिमीटरचे केले आणि ते एमजीबीत बसविले. 'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस' या नावाची. ऑक्सफर्डमधील विल्यम मॉरिस यांच्या या विक्री-दुरुस्तीच्या दुकानाचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी १९२० नंतरच्या दशकात मॉरिसच्या साध्या गाड्यांवर चपळ अंगाच्या गाड्या बांधायला सुरुवात केली आणि त्यातून एमजी हा स्वतंत्र पंथ निघाला.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली. दोन माणसांची, उघड्या टपाची, जेमतेम पावणेचार ते चार मीटर लांबीची ही गाडी थेम्सकाठच्या ॲबिंग्डन गावी तयार होत असे. १९६५ मध्ये तिचे बंद छपराचे 'जीटी' रूप आले. १९८० च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला, तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या व त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेला गेल्या होत्या. ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली गाडी नव्हती. शिक्षक, कारकून, नवा डॉक्टर अशा मंडळींना परवडेल अशी ती होती आणि आजही घरच्या घरी जीर्णोद्धार करणाऱ्यांची ती आवडती आहे.

याचे कारण तिच्या घडणीत आहे. बोनेट उघडले की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जाईल इतकी जागा दिसते. संगणक नाही, बंद पेट्या नाहीत. जे बिघडते ते डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते किंवा नाकाला जाणवते. करणाऱ्यांनी ती उघडण्यासाठीच बांधली होती असे म्हटले तरी चालेल.

पहिले काम वहीचे

नवशिका मनुष्य गाडी घरी आणतो आणि उत्साहाने पहिल्याच रविवारी ती खोलून टाकतो. अर्धवट सुटलेल्या आणि पुढे कधीच न जुळलेल्या गाड्यांची संख्या मोठी आहे ती या उत्साहामुळे. अनुभवी माणूस प्रथम पाना उचलत नाही, वही उचलतो. कोणता भाग कोठून काढला, कोणत्या नटाखाली किती वायसर होते, वायर कोणत्या रंगाची व कोठे जात होती, हे सारे लिहून, छायाचित्र काढून मगच भाग सुटा करावयाचा. स्क्रू आणि नट निरनिराळ्या डब्यांत, डब्यावर चिठ्ठी. "लक्षात राहील" असे त्या दिवशी वाटते. दोन वर्षांनी टेबलावर सात सारखे दिसणारे बोल्ट उरतात आणि एकही आठवत नाही.

हत्यारांविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या गाडीचे नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. आपल्या नेहमीच्या मिलिमीटरच्या पान्यांपैकी एखादा त्यावर जवळपास बसतो, आणि हा 'जवळपास'च घात करतो. जोर लावला की नटाचे कोपरे झिजून तो गोल होतो व मग छिन्नी-हातोड्याशिवाय निघत नाही.

तसेच, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. खाली भक्कम लोखंडी स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच आत शिरावे. जुन्या ब्रेक-लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून तिथली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नये. ती ओल्या फडक्याने टिपावी.

उंबरा खचला तर घर खचते

एमजीबीच्या जीर्णोद्धारातले सर्वांत मोठे काम इंजिनाचे नसून पत्र्याचे असते. हिच्या आधीच्या एमजीएला खाली वेगळी लोखंडी चासी होती आणि वर शरीर ठेवलेले होते. एमजीबीला अशी चासी नाही. तिचे शरीर हाच तिचा सांगाडा. त्यातही उघड्या गाडीला छप्पर नाही, म्हणजे पुढचा व मागचा भाग एकमेकांना धरून ठेवण्याचे ओझे मुख्यतः दारांखालून जाणाऱ्या दोन लांबट पोकळ पेट्यांवर येते. इंग्रजीत त्यांना सिल म्हणतात. आपल्याकडे उंबरा हा शब्द त्यांना अगदी चपखल बसतो.

हा उंबरा बाहेरचा पत्रा, आतला पत्रा व मधला उभा पडदा अशा थरांचा असतो. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते खारट पाणी चाकांनी उडून पुढच्या पंखाच्या मागच्या सांदीत आणि उंबऱ्याच्या पोटात शिरते. पाणी निघून जावे म्हणून ठेवलेली भोके चिखलाने बुजली की ओल आतच राहते. लोखंड, पाणी आणि हवा यांच्या संगतीने गंज चढतो व मीठ त्याचा वेग वाढवते. कोकणातल्या घरांचे गज आणि पत्रे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे अधिक समजावून सांगायला नको.

गंज आतून बाहेर येत असल्यामुळे रंगावर एखादा फोड दिसतो तेव्हा आतला पडदा बहुधा गेलेलाच असतो. विकणारे लबाडीही करतात. भोकावर लांबी भरून रंग मारतात, किंवा कुजलेल्या उंबऱ्यावरच नवा पत्रा चढवून बाहेरून गुळगुळीत करून देतात. घेणाऱ्याजवळ खिशात एक लहान लोहचुंबक असावे. लांबीच्या जाड थरावर ते चिकटत नाही. दुसरी परीक्षा दाराची. गाडी जॅकवर उचलताना दार आणि चौकट यांमधली फट पाहावी. ती कमी-जास्त होत असेल, दार अडकू लागले असेल, तर गाडी मधोमध वाकते आहे.

आता दुरुस्ती. कुजलेला उंबरा कापायचा म्हणजे घराचा खांब काढण्यासारखे आहे. आधी टेकू हवा. म्हणून गाडी समतल व भक्कम टेकवून, दाराच्या मोकळ्या चौकटीत बिजागरीच्या बाजूपासून कुलपाच्या बाजूपर्यंत लोखंडी दांडा आडवा पक्का करतात. एका वेळी एकच बाजू कापतात. नवा पत्रा आधी नुसत्या पकडींनी धरून ठेवायचा, दार लावून पाहायचे, फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे की नाही ते तपासायचे, पुन्हा काढायचे, पुन्हा लावायचे. असे दहा वेळा झाल्यावर मग वेल्डिंग. ही दहा वेळांची चिकाटी ज्याने दाखविली नाही, त्याच्या गाडीचे दार आयुष्यभर आपटून लावावे लागते; कारण वाकड्या स्थितीत जोडलेली गाडी पुन्हा सरळ होत नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडावी आणि पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी. रिकामी टाकी निर्धोक असते हा समज जीवघेणा आहे. तिच्यात साठलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक सहज भडकते. घरी वेल्डिंग शिकलेला मनुष्य अलीकडे दुर्मिळ राहिलेला नाही. पण ज्या सांध्यावर दोन माणसांचा जीव अवलंबून आहे तो सांधा पहिल्या प्रयोगासाठी नव्हे. आधी भंगार पत्र्यावर हात बसवावा, आणि बसत नसेल तर जाणत्या वेल्डरला बोलवावे. काम झाल्यावर उंबऱ्याच्या पोकळीत पातळ मेण फवारतात. ते बारीक सांध्यांत झिरपते आणि ओल लोखंडाला भिडू देत नाही.

नऊचा नियम आणि तंबोऱ्याचा कान

इंजिनाकडे वळलो की काम हलके आणि आनंदाचे होते. चार सिलिंडरांना मिळून आठ झडपा. प्रत्येक झडपेचे टोक आणि ती दाबणारा रॉकर यांत थोडी फट लागते, कारण तापल्यावर धातू वाढतो. थंड इंजिनात ही फट ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवावयाची. फिलर गेजची पातळ पट्टी त्या फटीतून किंचित अडत सरकली पाहिजे. पण कोणती झडप केव्हा मोजायची? येथे जुन्या मिस्त्रींचा नऊचा नियम कामी येतो. जी झडप पूर्ण दाबलेली असेल तिचा क्रमांक नवातून वजा करावा; येईल ती झडप मोजावी. आठवी दाबलेली असेल तर पहिली, सहावी दाबलेली असेल तर तिसरी. हा नियम पाठ असणाऱ्याला पुस्तक उघडावे लागत नाही.

हीच फट एक दुखणेही सांगते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत असत. ते धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या बैठकांना झिजण्यापासून वाचवीत असे. २००० सालापासून इंग्लंडात आणि आपल्याकडेही ते बंद झाले, आणि माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले. मात्र जुन्या इंजिनात बैठक झिजत जाते, झडप वर सरकते आणि लावलेली फट पुन्हा पुन्हा कमी होते. वहीत तसे दिसू लागले की सिलिंडर-हेड काढून कारखान्यात कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. हे काम घरचे नव्हे, यंत्रशाळेचे.

मग येतात एसयू जातीचे दोन कार्बोरेटर. यांची रचना मोठी सुबोध आहे. आत एक पिस्टन असतो व त्याच्या खाली निमुळती सुई. इंजिन जितकी हवा ओढील तितका पिस्टन वर उचलला जातो. त्याबरोबर सुई वर येते, भोक मोकळे होते आणि हवेच्या बेताने पेट्रोल मिळते. पिस्टन एकदम उसळू नये म्हणून वरच्या नळीत थोडे ऑइल असते. ते आटले की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. अनेकांनी या एका चमचाभर ऑइलपायी सबंध कार्बोरेटर खोलला आहे.

दोन कार्बोरेटर समान हवा ओढतात की नाही हे कानाने ठरविता येते. रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून फुत्काराचा आवाज ऐकायचा, मग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तंबोऱ्याच्या दोन तारा एका सुरात मिळविणाऱ्याला हे काम परके वाटणार नाही. मिश्रणाची परीक्षाही अशीच साधी. पिस्टन अगदी किंचित, एक मिलिमीटरहूनही कमी उचलावा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, वेग पडून इंजिन बंद होऊ लागले तर कमी, आणि क्षणभर वाढून पूर्वपदावर आला तर योग्य. मात्र टॅपेट, प्लग आणि पॉइंट आधी नीट लावलेले असले पाहिजेत. अन्यथा दोष एकीकडे आणि शिक्षा दुसरीकडे असे होते.

काय राखावे, काय बदलावे

येथे एक असा प्रश्न उभा राहतो, जो कलाशाखेच्या वाचकाला अधिक जवळचा वाटेल. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने एमजीबीचे संपूर्ण शरीर मूळ साच्यांवर पुन्हा घडवून द्यायला सुरुवात केली. म्हणजे नवे शरीर घ्यावे, नवी इंजिने-गिअर मिळतात तीही बसवावीत, नवा रंग द्यावा. मग जुने काय उरले? केवळ नंबराची पट्टी? आणि तरीही ती 'जुनी' गाडी का?

आपल्याकडे याचे एक थोर उदाहरण आहे. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकलाकारांच्या हातून तीत पाठभेद आणि भर शिरली होती. शुद्ध करणे म्हणजे नव्याने लिहिणे नव्हे, हा विवेक त्या कामामागे होता. यंत्राच्या जीर्णोद्धारातही हाच विवेक लागतो. ज्या भागावर जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे, उदाहरणार्थ ब्रेकच्या नळ्या, स्टिअरिंगचे सांधे, उंबरे, तेथे जुनेपणाचा मोह ठेवू नये, निःशंक बदलावे. जेथे केवळ वापराच्या खुणा आहेत, उदाहरणार्थ हातांनी गुळगुळीत झालेले स्टिअरिंग किंवा सुरकुतलेले सीटचे चामडे, तेथे हात आखडता घ्यावा. तो तिचा इतिहास आहे. आणि एखादी गोष्ट आपल्याला समजली नाही म्हणून ती चुकीची ठरवू नये. सुरुवातीच्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक शरीराला जोडलेले असते. आजच्या सवयीने ते 'सुधारायला' जाणाऱ्याने डायनमो व रेडिओ जाळल्याची उदाहरणे आहेत. शेवटचे म्हणजे जे बदलले त्याची वहीत नोंद करावी आणि काढलेला भाग शक्य तर जपून ठेवावा. पुढच्या मालकाशी एवढा प्रामाणिकपणा असलाच पाहिजे.

चालती ठेवणे

गाडी उभी राहिली, रंग चमकला, शेजारीपाजारी पाहून गेले. येथे काम संपत नाही, सुरू होते. अशा गाडीला आठवड्या-पंधरवड्यातून निदान अर्धा तास रस्त्यावर न्यावे. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालवून बंद करणे हा उपाय नसून अपाय आहे. इंजिन पुरते तापत नाही आणि जळणातून तयार होणारी ओल सायलेन्सरात व ऑइलमध्ये साचून राहते. ब्रेकचे तेल हवेतील पाणी शोषते, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर पाच हजार किलोमीटरांच्या आसपास ग्रीस द्यावे. तारांची चाके असतील तर प्रत्येक तार हलकेच ठोकून पाहावी. घट्ट तार खणखणते, सैल तार बद्द वाजते. इंजिन ऑइल जुन्या पद्धतीचे २०-डब्ल्यू-५० जातीचे आणि पुरेसे जस्त-संयुग असलेले घ्यावे, कारण आजच्या कित्येक ऑइलमध्ये त्याचे प्रमाण कमी केलेले असते आणि जुन्या टॅपेटना ते लागते.

नव्या काळाने एक नवी चिंता आणली आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. आपल्याकडे तर हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. इथेनॉल पाणी धरून ठेवते आणि जुन्या रबरी नळ्यांना भेगा पाडते. तापलेल्या इंजिनावर ठिबकणारे पेट्रोल म्हणजे आग. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालाव्यात आणि तरीही त्या वरचेवर पाहाव्यात.

ब्रिटिश सरकारने मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट दिली आहे. आपल्याकडेही २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आले. सूट मिळाली म्हणून धोका टळत नाही. तपासनीस गेला की त्याची जबाबदारी मालकाच्या अंगावर येते. घरच्या गॅरेजमधला तो एकटा मनुष्यच मग मिस्त्री, तपासनीस आणि प्रवासी असतो.

आमच्या ॲम्बॅसडरचे आता काही उरलेले नाही. वडिलांची एक वही तेवढी आहे. तीत ऑइल कधी बदलले, टॅपेट कधी लावले, कोणत्या प्रवासाला किती पेट्रोल लागले याच्या सुवाच्य अक्षरातल्या नोंदी आहेत. शेवटची नोंद ऑगस्ट २००९ ची आहे आणि पुढची पाने कोरी आहेत. वडिलांना गाडी प्रिय नव्हती असे मुळीच नाही. तिच्यावर जिवापाड माया होती म्हणूनच त्यांनी ती झाकली. झाकण्यालाच जपणे समजलो, एवढीच आमची चूक.

मित्रहो, एमजीबी आपल्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला येईल. पण कोणाच्या घरी माळ्यावर आजीचे शिवणयंत्र असेल, कोणाच्या पडवीत आजोबांची लॅम्ब्रेटा किंवा बुलेट गोणपाटाखाली उभी असेल. येत्या सुट्टीत ते गोणपाट काढून पाहा. एक वही घ्या, वर तारीख घाला आणि काय दिसते ते लिहा. पाना त्यानंतर उचलला तरी चालेल.